आतल्या हवेचं भाडं

व्हर्ना होस्टेटलर मंगळवारी येते,
बर्फ असलं तरी येते.
बुटांचे तळ पायपुसण्यावर दोनदा घासून
माझ्या खिडकीशी उभी राहते.
काखेत खोकं. त्यावरचं जुनं नाव
मार्करने खोडलेलं, तरी वाचता येतं: केळी.

एल्कहार्टमध्ये एके काळी
सकाळी सातला पितळ ठोकल्याचा आवाज यायचा.
तिचा मर्ल तिथे एकतीस वर्षं
कॉर्नेटच्या कर्ण्यांना गोलाई देत होता.
आता त्या इमारतीत गाद्या विकतात.
आवाज येत नाही.

नोव्हेंबरात तिने पहिल्यांदा विचारलं,
"एवढे कसे? पाच पौंडांचं तर आहे."
म्हटलं, खोकं मोठं आहे.
यंत्र नुसतं वजन बघत नाही,
लांबी, रुंदी, उंचीही बघतं,
आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतं.
"म्हणजे हवेचे?"
हो, म्हटलं. हवेचे.
ती हसेल असं वाटलं होतं.

एकदा मागे रांग नव्हती
तेव्हा तिने वही उघडून दाखवली,
चर्चच्या बिस्किटविक्रीची निळी वही,
मागून सुरू केलेली.
बोली नव्याण्णव सेंटांपासून.
सात दिवस चौदा जण नुसतेच बघत होते,
कुणी हात वर करेना.
शेवटच्या नऊ सेकंदांत दोघे भिडले
आणि एकशे बारावर मिटलं.
"मी टाळी वाजवली," ती म्हणाली,
"स्वयंपाकघरात. एकटीच."

मग कात्री.
साइटचा वाटा: नुसत्या कॉर्नेटवर नाही,
गिऱ्हाइकाने दिलेल्या टपालखर्चावर,
त्याने त्याच्या राज्याला भरलेल्या करावरही.
"जे पैसे मी डोळ्यांनी पाहिले नाहीत
त्यांतलाही वाटा मीच द्यायचा?"
मी फक्त टपाल खात्याचा माणूस.
मी टेपचं टोक शोधत राहिलो.
जाहिरात जरा वर दिसावी म्हणून सहा डॉलर.
आतली नळी साफ करून घेतली, तीस.
फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, नऊ.
टपाल तिने अंदाजाने चौदा लिहिलं होतं,
माझ्या यंत्राने एक्केचाळीस सांगितलं.
पेट्रोल, मैल मोजून.
उरले एकोणीस.

वहीत नव्हतं ते असं:
फोटोत मळके दिसतात म्हणून पडदे धुतले.
रात्री अकराला टूसॉनहून कुणी विचारलं,
तिसरा व्हॉल्व्ह अडकतो का?
ती नाइटगाऊनवर कोट चढवून
गॅरेजमध्ये गेली, तिन्ही दाबून पाहिले.
बोटांना मर्लचं तेल लागलं.
परत येऊन तिने टाइप केलं: नाही, अडकत नाही.
हात धुतले की नाही, ते ती बोलली नाही.

जानेवारीत कॉर्नेट परत आलं.
कारण: वर्णनाप्रमाणे नाही.
कर्ण्याला एक पोचा, जो जाताना नव्हता.
पैसे गिऱ्हाइकाला गेले,
येण्याचं भाडं हिच्या नावावर पडलं,
जाण्याचं तर आधीच गेलेलं.
कोंबडी चार आण्यांची, मसाला बारा आण्यांचा,
आणि वर कोंबडी दारात परत उभी.
मीच ते पार्सल तिच्या हातात दिलं.
सही कुठे करायची ते दाखवलं.

आज ती पुन्हा आली आहे.
खोकं लहान, घट्ट, कोपरे कापून जुळवलेले.
"हवा काढली सगळी," म्हणते.
कर्ण्यात त्याचे लोकरी मोजे कोंबलेत,
पोचा आतून दाबला जाऊ नये म्हणून.
त्या नळीतून जुलैच्या मिरवणुकीत
तो गाल फुगवून जे फुंकायचा
ते मला आठवतं; सूर नाही,
फुंकण्याआधीचा त्याचा श्वास.

नियमाप्रमाणे मला विचारावं लागतं:
आत काही नाजूक, नाशवंत,
पेट घेणारं आहे का?
ती दर वेळी थोडा वेळ घेते.
मागे एक मुलगा बुटांचा डबा घेऊन उभा,
फोनवर काहीतरी बघतोय, बहुतेक बोली.
काटा स्थिर होतो.
"नाही," व्हर्ना म्हणते,
आणि पाकिटातून सुटे काढायला लागते.